खिशातल्या कॅमेऱ्याचे प्रगतिपुस्तक

गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरात एक अर्ज सादर झाला. अर्जदार अकरावीतली आमची लेक.

"बाबा, मला कॅमेरा हवाय. फोन नको, खराखुरा कॅमेरा. छोटा, खिशात मावणारा."

ज्या फोनसाठी दोन वर्षांपूर्वी हिने उपोषणाची धमकी दिली होती, त्याच फोनच्या जाहिरातीत तीन लेन्सचे कौतुक होते. त्याची आठवण करून दिली, तर उत्तर आले, "फोनमधले सगळे फोटो सारखेच दिसतात. वर्गातल्या मुलींकडे छोटे कॅमेरे आहेत."

चौकशी केली, तर हे वेड आमच्याच घरचे नव्हते. कॉम्पॅक्ट कॅमेरे फोनने संपवले असे आपण सगळे धरून चाललो होतो, आणि ते खोटेही नव्हते. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली अंगभूत लेन्सचे दहा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली तोच आकडा वीस लाखांच्याही खाली आला. आणि आता, २०१० च्या आसपास जन्मलेली मुले तेच कॅमेरे शोधत फिरताहेत.

दुकानात जाऊन किंमत पाहिली आणि घरी शांतता पसरली. बरा म्हणावा असा नवा कॉम्पॅक्ट काही हजार दिरहमांचा. आमच्या सौ. हिशेबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्यात डिसेंबरच्या सुट्टीत हिचं मिरजेचं जाण्यायेण्याचं तिकीट निघेल. आईंना भेटून तीन वर्षं झाली."

आई म्हणजे माझी आई, वय ८१. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास आहे. व्हिडिओ कॉलवर ती आवाजाच्या दिशेने बघून हसते, पण फोनच्या चकाकत्या काचेवर तिला आमचे चेहरे दिसत नाहीत. तिला दिसतो तो कागदावरचा फोटो. सकाळी दहाच्या सुमाराला मागच्या अंगणात खुर्ची टाकून, उन्हात फोटो धरून, त्यावर भिंग फिरवत ती बघते. पूर्वी दर दिवाळीला आम्ही तिला छापील अल्बम पाठवायचो. माझ्या फोनमध्ये आज चौदा हजार फोटो आहेत आणि गेल्या दोन वर्षांत मिरजेला एकही गेलेला नाही.

म्हणून ठरवले की आधी परीक्षा घ्यायची, मग पैसे. उमेदवार तीन. पहिला, २००९ साली घेतलेला आणि कपाटात पडून राहिलेला आमचा जुना दहा मेगापिक्सेलचा कॉम्पॅक्ट. त्याची बॅटरी केव्हाच मेली होती. सनाइयातल्या एका दुकानात जोडीची बॅटरी मिळाली आणि तो ट्यँ करून जागा झाला. दुसरा, मंडळातल्या एका मित्राकडून महिन्याच्या बोलीवर आणलेला नवा कॉम्पॅक्ट. तिसरा, माझा फोन. परीक्षक लेक आणि मी. निकाल पडद्यावर लावायचा नाही, छापलेल्या कागदावर लावायचा, कारण शेवटी बघणारी आजी आहे.

मेगापिक्सेलचा बागुलबुवा

परीक्षेआधी थोडे गणित. दुकानदार पहिल्यांदा मेगापिक्सेल सांगतो. सहा बाय चार इंचांचा नेहमीचा फोटो चांगला छापायला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे १८०० गुणिले १२००, साधारण साडेएकवीस लाख ठिपके. झाले दोन मेगापिक्सेल! भिंतीवर लावायचा बारा बाय आठ इंचांचा फोटो घेतला तरी नऊच्या आत भागते. आमच्या जुन्या कॅमेऱ्याचे दहा मेगापिक्सेल त्याला पुरून उरतात.

विचारायचे असते ते सेन्सरच्या आकाराचे. सेन्सर म्हणजे प्रकाश झेलणारी चकती. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त जमेल, इतके हे सोपे आहे. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा सेन्सर असतो, करंगळीच्या नखाहूनही लहान. २०१२ साली सोनीने आरएक्स१०० हा कॅमेरा काढला आणि खिशात मावणाऱ्या अंगात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा सेन्सर बसवला. क्षेत्रफळ चौपट. याला 'एक इंची' सेन्सर म्हणतात, पण पट्टी लावाल तर तो एक इंच कुठूनच भरत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या मापावरून आलेले ते नाव आहे. मित्राचा कॅमेरा या जातीचा.

पेपर पहिला: ऊन

पहिला पेपर जाहिली किल्ल्यावर. १८९१ साली बांधायला घेतलेला हा मातीच्या विटांचा किल्ला. एकावर एक चढत जाणारे गोल थर असलेला त्याचा बुरूज आपल्यापैकी प्रत्येकाच्या अल्बममध्ये असेल. सकाळचे नऊ, ऊन भरपूर.

इथे जुन्या कॅमेऱ्याने आम्हाला थक्क केले. भरपूर प्रकाश असला की छोट्या सेन्सरला काही कमी पडत नाही. मातीचा पिवळसर तांबूस रंग, विटांवरचा गिलावा, भिंतीवरची सावली, सगळे कागदावर नीट उतरले. तीन फोटो शेजारी ठेवून बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांना विचारले, तर दोघांनी जुन्याचाच फोटो उचलला.

दोष दिसला तो फोटो काढताना. उन्हात मागची स्क्रीन दिसत नाही! एका हाताने कॅमेरा आणि दुसऱ्या हाताने स्क्रीनवर सावली, अशी आमची कसरत चालली होती. डोळा लावायची खिडकी या कॅमेऱ्याला नाही आणि मित्राच्या कॅमेऱ्यालाही नाही. आखातात राहणाऱ्याने घेताना हे जरूर बघावे. दुकानातल्या दिव्यात प्रत्येक स्क्रीन छानच दिसते.

किल्ल्यात विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशाच्या छायाचित्रांचे कायमचे प्रदर्शन आहे. १९४६ ते १९४८ या काळात त्याने बेदू सोबत्यांबरोबर, उंटांवरून, रुब अल खाली हे वाळवंट दोनदा ओलांडले. इथले लोक त्याला 'मुबारक बिन लंडन' म्हणत. लेकीला त्या कृष्णधवल चित्रांपुढे अर्धा तास उभे राहिलेले बघून मी गप्प बसलो. ही चित्रे काढली ती छोट्या लायका कॅमेऱ्याने. आज लायका म्हटले की श्रीमंती डोळ्यापुढे येते, पण १९२५ साली तो बाजारात आला तो कोटाच्या खिशात मावतो म्हणूनच. तिपाईवरच्या अवजड पेट्यांच्या जमान्यातला तो कॉम्पॅक्टच. वाळूपासून जपायला थेसिजर तो बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत ठेवायचा.

"त्याच्याकडे स्क्रीन नव्हती. फोटो कसा आला ते त्याला कधी कळायचं?" लेकीने विचारले.

"प्रवास संपून फिल्म धुतली की."

ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने प्रत्येक फोटोनंतर स्क्रीनकडे बघणे कमी केले, हे मी पाहिले.

पेपर दुसरा: ऊनसावली

दुसरा पेपर ओअॅसिसमध्ये. तिथे सुमारे १,४७,००० खजुरीची झाडे आहेत आणि त्यांच्या मुळांशी फलजचे पाणी खेळते. आपल्याकडच्या पाटाच्या पाण्याची आठवण येते. दाट सावली आणि मधूनच उन्हाचा कवडसा, हा कुठल्याही कॅमेऱ्याला अवघड पेपर. आपला डोळा सावलीतला चेहरा आणि मागचे लख्ख ऊन दोन्ही एकदम बघतो. छोट्या सेन्सरला ते झेपत नाही. चेहरा नीट आला तर आकाश पांढरे फटक, आकाश सांभाळले तर चेहरा काळाठिक्कर.

इथे फोन पहिला आला, आणि चांगल्या फरकाने. फोन एका टिचकीत अनेक फोटो घेतो, काही उजळ, काही गडद, आणि आपल्याला न विचारता त्यांची भेळ करतो. मित्राचा कॅमेरा दुसरा. जुना चक्क नापास. सौं.चा चेहरा अर्धा पांढरा, अर्धा काळा.

पण जुन्याला पुरवणी परीक्षा दिली. त्यात अधिक-उणे असे चिन्ह असलेले एक बटण आहे. पंधरा वर्षांत मी ते कधी दाबले नव्हते. उणे एक केले, सौं.ना कवडशातून पूर्ण सावलीत दोन पावले आत घेतले आणि मागे उन्हाऐवजी झाडाचे खोड येईल असे बघितले. फोटो पास झाला. म्हणजे इतकी वर्षे ज्याला मी कॅमेऱ्याचा दोष म्हणत होतो, त्यातला निम्मा कॅमेरा धरणाऱ्याचा होता. सौं.नी हे दोनदा म्हणायला लावले.

पेपर तिसरा: हलती मंडळी

तिसरा पेपर आपल्या गणेशोत्सवात, मुलांच्या लेझीमच्या वेळी. हॉल, मंद दिवे, आणि एका जागी न थांबणारी वीस मुले.

जुन्या कॅमेऱ्याची जुनी खोड लगेच आठवली. बटण दाबले की तो आधी विचार करतो, मग फोटो काढतो. तेवढ्यात मूल चौकटीबाहेर. पूर्वीच्या कार्यक्रमांचे आमचे निम्मे फोटो रिकाम्या रंगमंचाचे आहेत ते यामुळे. उपाय सोपा आहे आणि माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानांतच असतो. बटण अर्धे दाबून ठेवायचे, कॅमेरा फोकस करून तयार राहतो. क्षण आला की उरलेले अर्धे दाबायचे. असे केल्यावर थोडे फोटो साधले, पण दाणेदार, रव्याच्या लाडवासारखे. कमी उजेडात छोट्या सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवली की असा रवा पडतोच.

मग फ्लॅश? छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम तीनचार मीटर पोचतो. आठव्या रांगेतून मारलेला फ्लॅश सातव्या रांगेतल्या काकांचे टक्कल उजळतो आणि रंगमंच होता तसाच अंधारात. पुढच्या वर्षी आपण सगळ्यांनी फ्लॅश बंद ठेवले, तर मुलांच्या डोळ्यांना आणि काकांना आराम पडेल.

झूमचेही इथेच कळले. मित्राच्या कॅमेऱ्यावर एफ १.८ असे ठळक लिहिले आहे. हा आकडा जितका लहान तितका जास्त प्रकाश आत येतो. पण तो आकडा झूम न करता. लांबचे जवळ आणले की तो एफ ४.९ वर जातो आणि प्रकाश सातवा हिस्सा उरतो. लेन्सभोवती हे दोन्ही आकडे बारीक अक्षरात लिहिलेले असतात. विकत घेताना दुसरा आकडा वाचावा. 'डिजिटल झूम' हा शब्द दिसला तर सोडून द्यावा, तो नुसता फोटो कापून मोठा करतो. तरीही दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्यावर मित्राचा कॅमेरा इथे पहिला आला. व्हिडिओत मात्र फोनच.

पेपर चौथा: दिवा

घरोघरी फटाके उडवायची इथे परवानगी नाही, त्यामुळे आपली दिवाळी पणत्यांची. चौथा पेपर म्हणून देवघरात समई लावली आणि खोलीतले दिवे घालवले.

फोनचा फोटो स्वच्छ आला, पण समई कुठे गेली? त्याने अंधार इतका उजळला की ट्यूबलाइट लावल्यासारखे दिसायला लागले. ज्योतीचा पिवळा उजेडही त्याने 'सुधारला' होता. मित्राच्या कॅमेऱ्याने ज्योत ज्योतीसारखी आणि अंधार अंधारासारखा ठेवला. चौपट सेन्सरचे पैसे इथे दिसतात.

जुन्याला हातात धरून काही जमेना. मग लेकीने युक्ती केली. तांदळाचा डबा आणला, कॅमेरा त्यावर ठेवला, आयएसओ सगळ्यात खाली आणला, फ्लॅश बंद केला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. समई काही पळून जात नाही. फोटो असा आला की छापून झाल्यावर पाठीमागे लिहिल्याशिवाय कुठला कोणाचा ते ओळखता येईना. पण आरतीचे तबाक हातात घेतलेली आई टिपायला गेलो, तर तबाकाची रेघ आणि आईचे भूत आले. स्थिर वस्तूला डबा चालतो, माणसाला नाही.

तोंडी परीक्षा: वाळू आणि ऊन

परदेशी तज्ज्ञ सहसा विचारत नाहीत असे दोन प्रश्न इथे महत्त्वाचे. पहिला वाळू. कॉम्पॅक्टची लेन्स दुर्बिणीसारखी आतबाहेर होते. बाहेर आलेल्या नळीवर बसलेली बारीक वाळू आत जाताना बरोबर जाते, आणि एक दिवस लेन्स अर्ध्यातच अडते. आमच्या एका कॅमेऱ्याचा अंत असाच वाळूच्या टेकडीवर झाला. दुरुस्तीचा खर्च ऐकून तो शोकेसमध्ये ठेवला. फोनला अशी नळीच नाही, हा त्याचा मोठा गुण. थेसिजरचे कातडे नसले तरी आपल्याकडे झिप लावायची पिशवी असते. वारा असताना कॅमेरा चालू करू नये, आणि केलाच तर बंद करण्याआधी नळी मऊ ब्रशने झटकावी.

दुसरा प्रश्न तापमानाचा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा शून्य ते ४० अंश लिहिलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात नुसती हवाच त्यापुढे जाते, बंद गाडीच्या डॅशबोर्डचे तर विचारूच नका. अल ऐनची हवा कोरडी, पण ऑगस्टमध्ये अबू धाबीच्या किनाऱ्यावर एसीतून बाहेर काढलेल्या लेन्सवर लगेच धुके धरते. कॅमेरा पिशवीत बंद ठेवूनच बाहेर न्यावा आणि वीसेक मिनिटांनी काढावा.

आणि एक सूचना गुणांसाठी नाही, पण लेकीला पहिल्या दिवशीच दिली. अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे आणि कुटुंबांचे, फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. इथे तो गुन्हा आहे. लष्करी जागा, सरकारी इमारती, राजवाडे यांच्याकडेही कॅमेरा वळवायचा नाही. खिशातला कॅमेरा लहान असला तरी कायदा तोच.

निकाल

महिनाअखेरीस टाऊनमधल्या फोटोच्या दुकानातून १२० फोटो छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. मित्राचा कॅमेरा पहिला, यात वाद नव्हता. दिव्यात, हॉलमध्ये, चेहऱ्यांच्या फोटोंत तो पुढेच होता. फोन दुसरा, ऊनसावलीत आणि व्हिडिओत पहिला. जुना तिसरा. पण त्याच्या तिसऱ्या नंबरात एक गोष्ट होती. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात, जवळ बसलेल्या माणसाचा फोटो असेल, तर कागदावर तिघांत फरक करणे कठीण होते.

आणखी एक हिशेब लेकीने मांडला. महिनाभरात फोनवर ९०० फोटो काढले, त्यातले २५ छापले. जुन्या कॅमेऱ्यावर ११० काढले, त्यातले ४० छापले. माझ्या वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता, एका रोलमध्ये बारा फोटो. ते आधी आम्हाला उभे करायचे, शर्टाची कॉलर सरळ करायचे, मग बटण दाबायचे. बाराच्या बारा फोटो अल्बममध्ये जायचे. जुना कॅमेरा हातात असताना तो वाजत नाही, त्यावर कोणाचा निरोप येत नाही, आणि लेकही थोडी तिच्या आजोबांसारखी वागते. हा गुण डब्यावर लिहिलेला नसतो.

आता मंडळातले कोणी विचारतात, कॉम्पॅक्ट घ्यावा का? माझे उत्तर असे. रात्रीचे, घरातले, कार्यक्रमांचे फोटो तुम्ही खरोखर छापणार असाल, तर एक इंची सेन्सरचा घ्या. त्याहून लहान सेन्सरचा नवा घेऊन फोनपेक्षा फारसे काही मिळणार नाही. लेन्सचा दुसरा आकडा वाचा. दुकानाबाहेर उन्हात नेऊन स्क्रीन बघा. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत मनात आकडे मोजा. जोडीची बॅटरी मिळते का ते विचारा. आणि त्याआधी कपाट उघडून बघा. बहुतेकांच्या घरी एखादा जुना पडलेला असेलच.

आमच्यापुरता निर्णय लेकीनेच दिला. छापलेले फोटो लावता लावता ती म्हणाली, "आजी कायम अंगणात बसते ना? सकाळी दहाला?"

"हो."

"मग जुना पुरेल. तिकीटच काढा."

डिसेंबरचे तिकीट काढले आहे. मित्राचा कॅमेरा परत केला आणि बरोबर चकलीचा डबा दिला.

त्या १२० फोटोंतले निवडक ४८ अल्बमात लावून मिरजेला जाणाऱ्या एका स्नेह्यांच्या हाती पाठवले. चार दिवसांनी आईचा फोन आला. किल्ला आवडला, नातीची उंची वाढली, सूनबाई वाळली, सगळे सांगून झाले. मग म्हणाली, "अरे, तो गॅलरीतला फोटो आहे ना, तुम्ही चहा पिताय तो?"

तो जुन्या कॅमेऱ्याचा. सकाळच्या उन्हातला. पूर्वी व्हिडिओ कॉलवर तीच गॅलरी मी तिला कितीदा तरी दाखवली होती.

"हो, त्याचं काय?"

"मागे कोपऱ्यात तुळस दिसतेय. खालची पानं वाळलीत तिची. भिंग लावून बघितलं मी. दोन वेळा पाणी घालत जा रे, तुमच्याकडे ऊन फार."